हृदय जेवते केव्हा?

दिवसाला सात हजार लिटर रक्त ज्याच्यातून जाते, त्या हृदयालाच रक्त कमी कसे पडते? एका गृहिणीने विचारलेल्या साध्या प्रश्नाचे हे उत्तर.

तपासणीच्या खोलीत अंधार होता. माझी इंदूरची मावशी डाव्या कुशीवर पडून होती. छातीवर थंडगार जेली लावलेली आणि डॉक्टर हातातले छोटेसे यंत्र तिच्या बरगड्यांमधून हळूहळू फिरवत होते. समोरच्या पडद्यावर राखाडी रंगात तिचे हृदय दिसत होते. आतली एक झडप माशाच्या तोंडासारखी उघडत होती, मिटत होती. एकसष्ट वर्षे न पाहिलेली वस्तू मावशी मान वळवून टक लावून पाहत होती.

डॉक्टरांनी पडद्यावर एका जागी बोट ठेवले. ‘‘बाकीची भिंत बघा, प्रत्येक ठोक्याला कशी आत येते. हा तुकडा मात्र जागचा हलत नाही.’’

तीन आठवड्यांपूर्वी मावशीला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. त्या रात्री स्नायूचा जो भाग रक्तावाचून मेला, तोच हा तुकडा.

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘डॉक्टर, दिवसभर सगळं रक्त याच्यातूनच जातं ना? मग यालाच कसं कमी पडलं? हलवायाच्या घरात कुणी उपाशी मरतं का?’’

डॉक्टर हसले. ते मराठीच निघाले होते. ‘‘मावशी, हलवाई दुकानातली मिठाई खाऊन जगत नाही. त्याचा डबा घरून येतो. तुमचा डबा वाटेत अडकला.’’

हे उत्तर मला फार आवडले. पण ते पुरते समजायचे तर आधी दुकान पाहायला हवे, डबा कोणत्या वाटेने येतो ते पाहायला हवे आणि मुख्य म्हणजे हलवाई जेवायला बसतो केव्हा, हे विचारायला हवे.

दोन बिऱ्हाडांचा वाडा

हृदय आपल्या मिटलेल्या मुठीएवढे असते आणि वजनाला साधारण पाव किलोपेक्षा थोडे जास्त. ते छातीत डावीकडे असते असे आपण म्हणतो. खरे तर ते मधोमध, दोन्ही फुप्फुसांच्या बेचक्यात असते. त्याचे टोक तेवढे डावीकडे झुकलेले असते आणि तेच बरगड्यांवर धडकते, म्हणून आपला हात तिथे जातो.

आतून ते एखाद्या दुमजली वाड्यासारखे असते. वर दोन खोल्या, खाली दोन खोल्या. मधोमध वरपासून खालपर्यंत एक जाड भिंत आणि त्या भिंतीला दार नाही. म्हणजे एका छपराखाली दोन स्वतंत्र बिऱ्हाडे. वरच्या खोल्यांना शास्त्रात अलिंद म्हणतात, खालच्यांना निलय. ही नावे ज्यांनी निवडली त्यांना दाद द्यावीशी वाटते. संस्कृतात अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी आणि निलय म्हणजे राहते घर. पाहुणा आधी ओसरीवर टेकतो, मग घरात जातो. रक्ताचेही तसेच आहे.

उजव्या बिऱ्हाडात सगळ्या शरीरातून फिरून आलेले, प्राणवायू देऊन बसलेले काळपट लाल रक्त येते. ते ओसरीवरून खालच्या खोलीत उतरते आणि तिथून फुप्फुसांकडे ढकलले जाते. फुप्फुसांत ते कार्बन डायऑक्साइड सोडते, प्राणवायू घेते आणि लालभडक होऊन परत येते, पण आता डाव्या बिऱ्हाडात. डावे अलिंद, डावे निलय आणि मग महारोहिणी. सुमारे अडीच सेंटीमीटर व्यासाच्या या नळातून ते डोक्याच्या टाळूपासून पायाच्या नखापर्यंत जाते.

उजव्या बिऱ्हाडाचे काम शेजारच्या घरी वाटी नेऊन देण्याएवढे असते. फुप्फुसे जवळच, त्यांतल्या वाहिन्याही रुंद आणि मऊ. डाव्याला मात्र गावभर वाटायचे असते. म्हणून डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या जवळजवळ तिप्पट जाड असते, साधारण एक सेंटीमीटर. उजवीकडचा दाब पाऱ्याच्या २५ मिलिमीटरपर्यंत चढतो, डावीकडचा १२० पर्यंत. दंडाला पट्टा बांधून डॉक्टर रक्तदाब मोजतात तो या डाव्या बिऱ्हाडाचा. आणि हृदयविकाराचा झटका बहुतेक वेळा येतो तोही याच जाड भिंतीला.

एका ठोक्याला डावे निलय साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. चहाचा एक छोटा कप समजा. मिनिटाला ७२ ठोके धरले तर पाच लिटर झाले. आपल्या अंगात एकूण रक्तच सुमारे पाच लिटर. म्हणजे आपण नुसते बसून भाजी निवडत असतो तेव्हाही अंगातल्या रक्ताइतके रक्त दर मिनिटाला हृदयातून जाते. दिवसभरात हे सात हजार लिटरच्या पुढे जाते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या सात टाक्या भरतील एवढे.

हार्वेचा हिशेब

आज हे शाळेतले पोरही सांगते. पण इंग्लंडच्या विल्यम हार्वे याने १६२८ साली फ्रँकफर्ट येथे छापलेल्या एका छोट्या लॅटिन पुस्तकात हे मांडले, तेव्हा वैद्यकाचे जग हादरले होते.

त्याआधी सुमारे दीड हजार वर्षे गेलन या ग्रीक वैद्याचे म्हणणे प्रमाण मानले जात होते. अन्नापासून यकृत रक्त तयार करते, ते शिरांतून शरीरात जाते आणि पाणी जमिनीत मुरावे तसे तिथे संपते. यकृत रोज नवे रक्त बनवते. दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीला बारीक छिद्रे असून त्यांतून थोडे रक्त डावीकडे झिरपते, असेही गेलन सांगत असे. ती छिद्रे कुणाला कधी दिसली नाहीत. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने अशी छिद्रे नाहीतच, रक्त फुप्फुसांतून वळसा घालून डावीकडे येते, असे लिहून ठेवले होते. पण त्याचा बोलबाला युरोपात झाला नाही.

हार्वेने केले काय, तर किराणा मालाच्या वहीसारखा साधा हिशेब. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडते? अर्ध्या तासात ठोके किती? गुणाकार करा. त्याने ठोक्यामागे धरलेला आकडा आजच्या मोजमापापेक्षा फारच कमी होता. तरीही अर्ध्या तासाचे उत्तर अख्ख्या शरीरातल्या रक्ताहून मोठे येत होते. आजचे आकडे घेतले तर तासाला तीनशे लिटर होतात. दोन वेळच्या जेवणातून कोणते यकृत तासाला तीनशे लिटर रक्त बनवील? तेव्हा रक्त संपत नाही, तेच फिरून परत येते.

परत येण्याची वाट त्याने हातावर दाखवली. हा प्रयोग आपल्यालाही घरी करता येतो. दंडाला रुमाल बांधा, शिरा फुगतील इतका. पण मनगटाची नाडी बंद होईल इतका घट्ट नको. हाताच्या पुढच्या भागावर शिरा टपोऱ्या होतील. एखाद्या लांब शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने शीर पुसत न्या. मधला भाग रिकामा होतो आणि रिकामाच राहतो. वरचे रक्त खाली येत नाही. आता खालचे बोट उचला. शीर मनगटाकडून भरत येते. शिरांमध्ये हृदयाच्याच बाजूला उघडणाऱ्या लहान झडपा असतात. इटलीत पदुआ येथे शिकत असताना हार्वेच्या गुरूने, फॅब्रिशियसने, त्या दाखवल्या होत्या. गुरूला त्या दिसल्या. त्या कशासाठी आहेत ते शिष्याला कळले. प्रयोग झाल्यावर रुमाल सोडायला मात्र विसरू नका.

एक दुवा हार्वेला शेवटपर्यंत दिसला नाही. रोहिणीतले रक्त शिरेत जाते कुठून? १६५७ मध्ये तो वारला. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगी याने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याला केसाहूनही बारीक वाहिन्यांचे जाळे दिसले. त्याच केशवाहिन्या. त्या इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशींना एकामागून एक रांगेनेच पुढे सरकावे लागते. खरी देवघेव इथे होते. बाकी सारे नळ फक्त वाहतुकीसाठी.

या शोधानंतर हार्वेकडे येणारे रोगी कमी झाले, लोक त्याला वेडसर म्हणू लागले, असे त्याचा स्नेही जॉन ऑब्रे याने लिहून ठेवले आहे.

लब आणि डब

लहान मुले आईच्या छातीला कान लावतात तेव्हा त्यांना दोन आवाज ऐकू येतात, लब-डब, लब-डब. हे आवाज हृदय आवळल्याचे नाहीत. दारे आपटल्याचे आहेत.

प्रत्येक ओसरी आणि खोली यांच्यामध्ये एक झडप आणि प्रत्येक खोलीतून बाहेर पडताना एक, अशा चार झडपा. खालच्या खोल्या आवळू लागल्या की ओसरीकडची दारे बंद होतात, रक्त मागे जाऊ नये म्हणून. तो लब. रक्त बाहेर पडले, खोल्या सैल झाल्या की बाहेरची दारे मिटतात, गेलेले रक्त परत येऊ नये म्हणून. तो डब.

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरकडे एक तरुण स्त्री छातीची तक्रार घेऊन आली. तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसऱ्याला कान लावला आणि आवाज नुसत्या कानापेक्षा स्पष्ट आला. स्टेथोस्कोपचा जन्म असा संकोचातून झाला. त्या नळीतून डॉक्टर मुख्यतः दारांचेच आवाज ऐकतात. दार नीट मिटले नाही, किंवा नीट उघडले नाही, तर लब-डबमध्ये फुसफुस मिसळते.

इथे आईवडिलांसाठी थोडे विषयांतर करते. आपल्या देशात तरुण वयात झडपा खराब होण्याचे एक मोठे कारण घशातून सुरू होते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो, बरा होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघा, घोटा, कोपर असे एकामागून एक सांधे दुखू लागतात. याला संधिवाताचा ताप म्हणतात. सांधे बरे होतात, झडपांवरचा व्रण मात्र राहतो आणि असा ताप पुन्हा पुन्हा आला की तो वाढतो. म्हणून अशा मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. मूल बरे दिसते म्हणून ते मधेच थांबवू नये. झडप फारच निकामी झाली तर कृत्रिम झडप बसवता येते. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने तयार केलेली भारतीय झडप पहिल्यांदा ६ डिसेंबर १९९० रोजी बसवली गेली. तोवर आपण महागड्या परदेशी झडपांवर अवलंबून होतो.

आता पुन्हा त्या दोन आवाजांकडे. त्यांच्यातले अंतर सारखे नसते. लब आणि डब यांच्यामध्ये थोडाच वेळ जातो. डब झाल्यावर पुढचा लब येईपर्यंत मात्र जास्त थांबावे लागते. ७२ ठोक्यांच्या हिशेबाने एक चक्र ०.८ सेकंदाचे. त्यातले ०.३ सेकंद खालच्या खोल्या आवळतात आणि ०.५ सेकंद सैल असतात.

हृदय जन्मापासून मरेपर्यंत क्षणभरही विसावा घेत नाही, असे आपण निबंधात लिहीत आलो. ते खरे नाही. मोठे काम करणाऱ्या या खोल्या दिवसाच्या चोवीस तासांपैकी पंधरा तास विश्रांती घेतात. फक्त ती एकगठ्ठा नसते. अर्ध्या अर्ध्या सेकंदाची, रोज लाखभर वेळा. याच विश्रांतीत वरून रक्त येऊन खोल्या भरतात. आणि याच विश्रांतीत हृदय जेवते.

ठोके कोणी द्यायचे, हे हृदय मेंदूला विचारत नाही. उजव्या ओसरीच्या वरच्या कोपऱ्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो आपणहून विजेचा बारीक झटका सोडतो. ब्रिटनच्या आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. फ्लॅकला तो प्रथम दिसला एका चिचुंद्रीसारख्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या हृदयात. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करायला सांगतो. ईसीजीच्या कागदावर उमटते ती या विजेची वाटचाल.

डबा येतो कसा?

रक्त खोल्यांतून इतके वाहते, तर भिंतीने तिथलेच का पिऊ नये? बेडकाचे हृदय तसेच करते. त्याची भिंत स्पंजासारखी सच्छिद्र असते आणि खोलीतले रक्त तिच्यात मुरते. पण आपली भिंत आहे एक सेंटीमीटर जाड आणि घट्ट. आतल्या रक्तातले पोषण तिच्या अगदी पातळ अस्तरापर्यंतच पोचते. बाकीच्या जाडीला वेगळा पुरवठा लागतो.

त्यासाठी महारोहिणी हृदयातून निघते तिथेच, झडपेच्या लगेच वर, दोन नळ्या फुटतात. महारोहिणीच्या या अगदी पहिल्या शाखा. सगळ्या गावाला वाटायला निघालेल्या रक्तातून पहिले पान हृदय स्वतःसाठी वाढून घेते. या नळ्या हृदयाच्या बाहेरून मुकुटासारखा वेढा घालतात, म्हणून त्यांना कोरोनरी म्हणतात. जाडी तीन-चार मिलिमीटर, उडपी हॉटेलातल्या सरबताच्या नळीएवढी. त्यांतून मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त हृदयाच्या स्नायूला मिळते.

गंमत अशी, की पान पहिले असले तरी जेवायची वेळ काम संपल्यावरच येते. डावे निलय जोरात आवळते तेव्हा त्याच्या स्नायूत शिरलेल्या बारीक नळ्याही पिळल्या जातात. धुणे पिळत असताना त्या कपड्यात पाणी शिरेल का? हात सैल केल्यावरच शिरेल. तसेच इथे. भिंत सैल पडली, बाहेरचे दार मिटले की मग रक्त कोरोनरी नळ्यांतून भिंतीत उतरते.

पण त्या वेळी पंप तर थांबलेला असतो. मग रक्ताला रेटतो कोण? महारोहिणी. तिच्या भिंती लवचीक असतात. ठोक्याच्या वेळी त्या फुगतात आणि हृदय विसावले की आकसून आतल्या रक्ताला पुढे लोटतात. रक्तदाब १२० आणि ८० असा दोन आकड्यांत सांगतात. वरचा आकडा हृदय आवळते तेव्हाचा, खालचा ते विसावते तेव्हाचा. आपण बहुतेक जण वरच्या आकड्याची चिंता करतो. खालच्या आकड्याचे एक काम हृदयाला जेवू घालणे हेही आहे, हे मलाही या निमित्तानेच कळले.

आणखी एक गोष्ट. शरीराचे इतर अवयव मिळालेल्या रक्तातला साधारण चौथा हिस्सा प्राणवायू वापरतात आणि बाकीचा परत पाठवतात. गरज पडली तर त्यातून जास्त काढून घेण्याची सोय त्यांना असते. हृदयाचा स्नायू आरामातही सत्तर टक्क्यांहून जास्त प्राणवायू काढून घेतो. ताटात काही टाकायचे नाही, अशी शिस्त. त्यामुळे काम वाढले की त्याला एकच मार्ग उरतो, जास्त रक्त मागवणे. निरोगी कोरोनरी नळ्या रुंदावतात आणि पुरवठा चौपट-पाचपट करतात.

आता जिना चढणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. ठोके ७२ वरून १४४ झाले. चक्र निम्म्यावर आले. पण आवळण्याचा वेळ तुलनेने थोडा घटतो. मोठी कात्री लागते ती विश्रांतीला. काम दुप्पट आणि जेवायची सुट्टी निम्म्याहून कमी. नळी मोकळी असेल तर तेवढ्यातही भागते. चरबीच्या थराने ती अरुंद झाली असेल तर भागत नाही आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखे वाटते. माणूस दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबतो, ठोके उतरतात, जेवायची सुट्टी पुन्हा मिळते, दुखणे थांबते. चालताना येते आणि थांबल्यावर जाते, असे छातीचे, जबड्याचे किंवा हाताचे दुखणे असेल तर त्याचा हा अर्थ असू शकतो. ते डॉक्टरांना लगेच सांगायला हवे.

झटका याहून वेगळा. नळीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर अचानक तडकतो, त्या जखमेवर रक्ताची गुठळी जमते आणि नळी बंद होते. हे झोपेतही होऊ शकते. कित्येकदा तडकणारा थर फार मोठाही नसतो, त्यामुळे आधी कधीच काही जाणवलेले नसते.

ती रात्र

मावशीचे तसेच झाले. रात्री साडेनऊच्या सुमारास, जेवण होऊन थोडा वेळ झाल्यावर, तिच्या छातीत मधोमध जडपणा आला. डावा जबडा ठणकू लागला. कपाळावर घाम आला. घरात निदान तयारच होते. दुपारचा दाल-बाफला बाधला. आधी ओवा आणि सैंधव झाले, मग सोडा, मग गॅसची गोळी. काका म्हणाले, दवाखान्यात जाऊ या का? मावशी म्हणाली, ‘‘अहो, आता एवढ्या रात्री कुणाला उठवता? सकाळी बघू.’’ आम्ही निघालो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. मी त्या रात्री त्याच घरात होते. ओवा मीच आणून दिला होता.

रक्त थांबले की हृदयाच्या स्नायूचा तो भाग मिनिटाभरातच आवळायचा थांबतो, पण मरत नाही. मरायला सुरुवात होते ती साधारण वीस मिनिटे ते अर्ध्या तासानंतर. सुरुवात होते भिंतीच्या सर्वांत आतल्या थरापासून, कारण आवळताना जास्तीत जास्त पिळला जातो तो हाच थर. मग काही तासांत मरण आतून बाहेर सरकत जाते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी यांचा सर्वांत जास्त उपयोग पहिल्या एक-दोन तासांत होतो. नंतरही होतो, म्हणून उशीर झाला तरी जायचेच. पण दर तासाला वाचवण्याजोगे कमी उरते. आमच्या घरी साडेसहा तास गेले होते.

छातीतली जळजळ आणि झटका यांतला फरक घरी ओळखता येत नाही. डॉक्टरांनाही ईसीजी आणि रक्ताची तपासणी लागते. पहिला ईसीजी चांगला आला तरी कधी कधी थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये चित्र आणखी फसवे असते. छातीत फारसे न दुखता नुसता दम लागणे, विलक्षण थकवा, मळमळ, पाठीत, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, थंड घाम अशीही लक्षणे असू शकतात. घरातली बाई अशा वेळी ‘थोडं पडते, बरं वाटेल’ म्हणते आणि घर तिचे ऐकते. वयाचा भरवसाही धरू नये. ५२ देशांत झालेली ‘इंटरहार्ट’ पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पहिल्या झटक्याचे वय दक्षिण आशियातल्या लोकांत सुमारे ५३ आढळले, इतरत्र ५८-५९. झटक्यामागची कारणे बहुतेक नेहमीचीच निघाली: तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनावरचा ताण, बैठे आयुष्य.

असे काही झाले तर रोग्याला चालवू नये, जिने चढू-उतरू देऊ नयेत, स्वतः गाडी चालवत तर मुळीच जाऊ देऊ नये. पाठीला आधार देऊन बसवावे आणि जिथे ही सेवा आहे तिथे १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ॲस्पिरिनची गोळी चावून खाण्याने फायदा होतो. मात्र तिची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर नाही, म्हणून फोनवर डॉक्टरांना विचारून द्यावी. ओवा-सोडा नंतर.

आणि माणूस बेशुद्ध पडला, नीट श्वास घेत नसेल, तर पंपच थांबला असे समजून आपल्याला तो बाहेरून चालवावा लागतो. माणसाला उताणे निजवून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटीमीटर खोल दाबायचे, मदत येईपर्यंत. हे शिकवणारे प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, असे बजावतात. त्याचे कारण आता वाचकांच्या लक्षात आले असेल. दाबल्यावर रक्त शरीराकडे जाते. सोडल्यावर हृदय भरते आणि त्याच्या स्वतःच्या नळ्यांत रक्त उतरते. उसन्या ठोक्यांतही त्याला जेवायची सुट्टी द्यावी लागते.

तीन महिन्यांनी मावशीची पुन्हा तपासणी झाली. तोच अंधार, तोच पडदा. इकोच्या रिपोर्टात ‘ई. एफ.’ नावाचा एक आकडा असतो. पुष्कळ घरांच्या फायलीत तो सापडेल. भरलेल्या डाव्या निलयातले शेकडा किती रक्त एका ठोक्याला बाहेर पडते, ते तो सांगतो. पन्नास-पंचावन्नच्या वर असला की चांगला, कारण निरोगी हृदयही खोली कधी पूर्ण रिकामी करत नाही. मावशीचा पहिल्यांदा चाळीस होता, आता पंचेचाळीस झाला होता. अडकलेल्या नळीत स्टेंट बसला होता. भिंतीचा तो तुकडा मात्र तसाच होता, शेजारची भिंत हलली की नुसता ओढला जाणारा.

मावशीने मान वळवून विचारले, ‘‘आता डबा वेळेवर येतोय ना?’’

‘‘येतोय,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘पण गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि पुढच्या वेळी काही वाटलं, तर रात्री कितीही वाजता मला उठवायचं.’’